शाळा आणि पालक: अमिरातीतला व्यवहार

संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कुटुंबांतली मुले जवळजवळ सगळी खासगी शाळांत शिकतात. एकट्या दुबईत २०२४–२५ मध्ये २२७ खासगी शाळा होत्या. त्यांत सुमारे ३ लाख ८७ हजार मुले शिकत होती आणि त्यांतला साधारण चौथा हिस्सा भारतीय अभ्यासक्रमाचा होता. १९६१ मध्ये सुरू झालेले दुबईचे इंडियन हायस्कूल आणि अबुधाबीतले इंडियन स्कूल भारतीय समाजाच्या पुढाकारातून उभे राहिले. पुढे जेम्ससारख्या मोठ्या शिक्षणसंस्थांच्या शाळा वाढल्या. पुण्या-नाशकातून, कोल्हापुरातून किंवा रत्नागिरीतून नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी कुटुंबे या सगळ्या शाळांत विखुरलेली आहेत.

गावाकडे किंवा जुन्या शहरी पेठांत शाळेची आणि घराची ओळख आपोआप होते. बाई भाजी घेताना भेटतात, शेजारच्या मुलाचा मोठा भाऊ त्याच शाळेत शिकलेला असतो, आजोबा नातवाला फाटकापर्यंत सोडून येतात. अमिरातीत यातले फारसे काही नसते. घर शारजात, वडिलांची नोकरी दुबईत, शाळा तिसऱ्याच बाजूला आणि मधला प्रवास स्कूल बसचा. आजी-आजोबा आले तरी व्हिसावर काही आठवडे. अनेक पालकांच्या लेखी शाळा म्हणजे मोबाइलमधले एक ॲप, बसची वेळ आणि दर सत्राचा फीचा हप्ता. नाते जुळण्याची नैसर्गिक ठिकाणेच नसल्यामुळे ते शाळेला मुद्दाम घडवावे लागते.

या नात्याची कायदेशीर चौकट मात्र चोख आहे. दुबईतल्या खासगी शाळांवर ‘नॉलेज अँड ह्यूमन डेव्हलपमेंट अथॉरिटी’ म्हणजे केएचडीए या २००६ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी यंत्रणेची देखरेख असते. अबुधाबीत हे काम तिथल्या शिक्षण खात्याकडे म्हणजे ‘अडेक’कडे आहे, तर शारजात २०१८ पासून स्वतंत्र खासगी शिक्षण प्राधिकरण आहे. दुबईत प्रवेश घेताना पालक आणि शाळा यांच्यात लेखी करार होतो. फी किती, ती कधी भरायची, सत्राच्या मध्येच मूल काढले तर परतावा कसा, हजेरीचे नियम काय, बसची जबाबदारी कोणाची, तक्रार कोणाकडे करायची, हे सगळे त्यात असते. नोकरी गेली की महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागू शकतो अशा देशात परताव्याचे कलम आधीच ठाऊक असणे ही फार मोठी सोय आहे.

फीचा प्रश्न महाराष्ट्रात वेगळ्या रीतीने हाताळला जातो. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो, त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात आणि फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढे ठेवावा लागतो. दुबईत पालकांना असे मत नाही. तिथे सरकार दरवर्षी शिक्षणखर्चाचा निर्देशांक जाहीर करते आणि त्याच्या आधारे वाढीची मर्यादा ठरते. २०२४–२५ साठी हा निर्देशांक २.६ टक्के होता, २०२५–२६ साठी २.३५ टक्के. सरकारी तपासणीत श्रेणी घसरलेल्या शाळेला २०२४–२५ मध्ये वाढ मागता आली नाही. पालकांचा अधिकार यात कमी पडतो हे खरे. पण त्यातून एक फायदाही होतो: मुख्याध्यापिका आणि पालक यांच्यातली बैठक फीच्या भांडणात संपून जात नाही, निदान संपायला नको. भारतातल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत असे सांगितले आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र ते बंधन नाही. त्यामुळे भारतातून आलेल्या पालकालाही शाळेच्या कारभारात बसायची सवय असतेच असे नाही.

करारामुळे व्यवहार स्पष्ट होतो, पण पैसे मोजणारा गिऱ्हाइकासारखा बोलू लागतो आणि शाळा दुकानासारखे उत्तर देऊ लागते. गुण कमी पडले की ‘आम्ही एवढी फी भरतो’ हे वाक्य येते. पलीकडून ‘धोरणानुसार’ या शब्दाने सुरू होणारा मेल येतो. दोन्ही बाजू खऱ्या असतात आणि मुलाचे गणित आहे तिथेच राहते. दुबईची तपासणी यंत्रणा २००८–०९ पासून शाळांना श्रेणी देत आली आहे. अमिरातीच्या सामाईक तपासणी चौकटीत पालक व समाज यांच्याशी असलेले संबंध हा स्वतंत्र निकष आहे, तपासणीच्या वेळी पालकांची मतेही घेतली जातात. २०२४–२५ पासून दुबईत बहुतेक शाळांची पूर्ण तपासणी झालेली नाही. असे वर्ष शाळेसाठी कसोटीचेच म्हणायचे: बाहेरून कोणी विचारत नसताना पालकांना विचारायचे की नाही, हे तिचे तिलाच ठरवावे लागते.

पालकांचा सहभाग म्हणजे स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या आणि खाद्यजत्रेचे स्टॉल, अशी समजूत अजूनही पक्की आहे. संशोधन वेगळीच बाजू दाखवते. चार्ल्स डेसफोर्ज यांनी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अभ्यासात असे आढळले की पालक शाळेत किती वेळा येतात यापेक्षा घरी मुलाशी काय बोलतात, अभ्यासाकडे कसे पाहतात, याचा परिणाम जास्त असतो. प्राथमिक वयात तर तो शाळाशाळांमधल्या दर्जाच्या फरकाहूनही मोठा ठरतो. इंग्लंडमधल्या ३६ माध्यमिक शाळांत पुढे एक साधा प्रयोग झाला. पालकांना मोबाइलवर छोटे संदेश पाठवले: अमुक दिवशी चाचणी आहे, गृहपाठ दिलेला नाही, आज विज्ञानात हे शिकवले, त्याबद्दल विचारा. गणितात सुमारे एका महिन्याची जादा प्रगती आणि थोडी कमी गैरहजेरी एवढा फायदा दिसला. तो फार मोठा नाही, पण खर्चही जवळजवळ शून्य होता.

अमिरातीतल्या भारतीय शाळांनी यातून घेण्यासारखे बरेच आहे, कारण त्यांचा पालकांशी खरा संवाद ‘ओपन हाउस’पुरता असतो. सत्राअखेरचा तो दिवस ओळखीचा आहे. वर्गाबाहेर रांग, हातात टोकन, आत वर्गशिक्षिकेपुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटे. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ एवढे ऐकून आई-वडील उठतात. या वाक्यावर घरी करण्यासारखे काहीच नसते. फार तर मुलाला रात्री बोलणी बसतात. तेच शिक्षिकेने वही उघडून दाखवले की अपूर्णांकांची बेरीज येते पण शाब्दिक उदाहरणात कोणती क्रिया करायची ते कळत नाही, आणि रोज एकच उदाहरण मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या असे सांगितले, तर त्याच सात मिनिटांतून घरच्यांच्या हाती एक काम पडते. मूल स्वतः त्या बैठकीत असावे, हेही महत्त्वाचे. आपल्यामागे मोठी माणसे काय बोलली, या शंकेत जाणारा त्याचा पुढचा आठवडा वाचतो.

त्याहून मोठा फरक पहिल्या भेटीने पडतो. वर्ष सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत, काही बिघडण्याआधी, वर्गशिक्षिकेने प्रत्येक घरी एक फोन करून मुलातली एक चांगली गोष्ट सांगितली आणि ‘त्याच्याबद्दल मला काय माहीत असायला हवे?’ असे विचारले, की पुढचा अप्रिय फोन वेगळ्या कानांनी ऐकला जातो. शाळेचा नंबर दिसला की पोटात गोळा यावा, ही अवस्था शाळेनेच तयार केलेली असते. पंचवीस-तीस फोनांना वेळ लागतो. त्या वेळेची तरतूद वेळापत्रकात नसेल तर हा सल्ला शिक्षिकेवर लादलेले आणखी एक ओझे होतो, आणि अमिरातीतल्या शाळांत शिक्षक आधीच दर दोन-तीन वर्षांनी बदलत असतात.

वेळेचा घोळ या देशात काही औरच आहे. जानेवारी २०२२ पासून सरकारी कामाचा आठवडा बदलला: शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस. शारजाने शुक्रवारीही सुट्टी दिली. खासगी कंपन्यांना हे बंधन नव्हते. अनेकांना शनिवारीही काम असते. त्यामुळे शारजातल्या शाळेत शिकणारे मूल शुक्रवारी घरी आणि वडील दुबईच्या वाहतुकीत, असे चित्र सर्रास दिसते. रमजानात शाळेचा दिवस पाच तासांवर येतो आणि घरोघरचे वेळापत्रक बदलते. सकाळी अकराची सभा ठरवून ‘पालक येत नाहीत’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा ऑनलाइन गेल्या तेव्हा पालकांनी वर्ग प्रथमच आतून पाहिला आणि व्हिडिओवरच्या भेटी रुळल्या. संध्याकाळी साडेसातनंतरचे काही ऑनलाइन स्लॉट कायम ठेवणाऱ्या शाळेला वडीलही भेटतात. नाहीतर शाळेचा सगळा भार आईवर आणि आईचा फोन बंद असेल तर कोणावरच नाही.

भाषेचा प्रश्न दुहेरी आहे. अरबी मातृभाषा नसलेल्या मुलांनाही दुबईत पहिली ते नववी अरबी शिकावी लागते. मराठी आई-बाबांना त्यातले अक्षरही लागत नाही, त्यामुळे गृहपाठात मदत करायची तर कशी? उच्चारांच्या ध्वनिफिती आणि आठवड्याच्या शब्दांची इंग्रजी लिपीतली यादी पाठवली तरी निम्मी अडचण सुटते. दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. इंग्रजी सुधारावी म्हणून ‘घरी इंग्रजीत बोला’ असा सल्ला शाळा अजूनही देतात आणि पालक तो इमानाने पाळतात. तो चुकीचा आहे. ज्या भाषेत आई गोष्ट रंगवून सांगू शकते, भांडू शकते, कारण समजावू शकते, त्या भाषेतल्या गप्पांनीच मुलाची समज आणि शब्दसंपत्ती वाढते, आणि ती दुसऱ्या भाषेलाही उपयोगी पडते. शाळेने हे स्पष्ट सांगितले तर मराठी घरांतला एक विनाकारण अपराधभाव जाईल.

व्हॉट्सॲप गट हे पालकांचे खरे चावडीचे ठिकाण. हरवलेली पाण्याची बाटली तिथे सापडते, उद्याच्या चाचणीचा धडा कळतो आणि एखाद्या शिक्षिकेविषयीची कुजबुज तासाभरात तीस घरांत पोचते. भारतात अशी कुजबुज बहुधा वाद माजवून थांबते. अमिरातीत २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या सायबर गुन्हे कायद्याखाली ऑनलाइन अपमान हा गुन्हा आहे, तसेच परवानगीशिवाय दुसऱ्याचे छायाचित्र पसरवणेही. नव्याने आलेल्या पालकांना हे अनेकदा माहीत नसते. शाळेने प्रवेशाच्या वेळीच ते शांतपणे सांगावे, धमकीच्या सुरात नव्हे. त्याच वेळी तक्रारीची अधिकृत वाट खरोखर चालती ठेवावी: आधी वर्गशिक्षिका, मग पर्यवेक्षक, मग प्राचार्य, प्रत्येक टप्प्यावर उत्तराची ठरलेली मुदत, आणि तरी निकाल लागला नाही तर केएचडीए किंवा संबंधित अमिरातीचे प्राधिकरण. जिथे मेलला चार दिवसांत उत्तर येते तिथे गटावरचा राग आपोआप निवळतो.

खास गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत हा विश्वास सर्वांत जास्त ताणला जातो. दुबईने २०१७ मध्ये सर्वसमावेशक शिक्षणाचे धोरण आणले. अशा मुलांना तिथे अधिकृतपणे ‘पीपल ऑफ डिटरमिनेशन’ म्हणतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षणयोजना करायची आणि ती पालकांबरोबर बसून करायची, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मदतनीस लागली तर तिचा पगार अनेकदा पालकच देतात. चाचणी, थेरपी आणि मदतनीस यांचा हिशेब जोडला की मध्यमवर्गीय घराचे गणित कोलमडते, म्हणून काही पालक निदानच लपवतात. कोणता खर्च कोणी करायचा आणि कोणत्या सुधारणेनंतर मदत कमी करायची, हे पहिल्याच बैठकीत कागदावर आले तर लपवण्याचे कारण उरत नाही.

शेवटचा प्रसंग परतीचा. अमिरातीतली भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, महाराष्ट्रातली राज्य मंडळाची जूनमध्ये. मधल्या वेळात दाखला, त्याचे साक्षांकन, फीचा परतावा आणि नव्या शाळेचा शोध एकदमच येतो. शिवाय २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तर अमिरातीतल्या भारतीय शाळांत दुसरी भाषा म्हणून हिंदी किंवा मल्याळम सहज मिळते, मराठी क्वचितच. परत जाण्याची शक्यता असलेल्या घरांना शाळेच्या समुपदेशकाने हे एखादे वर्ष आधी सांगितले, तर देवनागरीची सवय घरीच किंवा तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मदतीने करून घेता येते. दाखल्याबरोबर वर्गशिक्षिकेने पुढच्या शाळेसाठी लिहिलेले एक पान दिले, मूल कुठपर्यंत आले आहे आणि त्याला काय जड जाते एवढेच, तर नव्या वर्गातल्या बाईंना मुलाची ओळख पहिल्याच आठवड्यात होते.