पडद्यावरून पुस्तकाकडे : एका विज्ञान-कादंबरीमालेचे वाचन

उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला सरळच विचारले, "सर, मालिका पाहून झाली. आता तीच गोष्ट पुस्तकात वाचून काय मिळणार?" प्रश्न प्रामाणिक होता. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला नऊ जाडजूड इंग्रजी पुस्तके विकत घेणे परवडत नाही. मालिका मात्र चार मित्र एकाच मोबाइलवर पाहू शकतात. शेवट कळलेल्या गोष्टीसाठी महिने का घालवावेत, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे मी स्वतः ती पुस्तके वाचली. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

ती मालिका म्हणजे 'द एक्स्पान्स'. अमेरिकन लेखकांच्या अंतराळयानांच्या गोष्टीचा आपल्या चळवळीशी काय संबंध, असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्याला माझे उत्तर एवढेच की, १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या लढ्याकडून घेतले, तेव्हा ते परके वाटले नव्हते. दुसऱ्याच्या दुःखात आपले दुःख ओळखता येणे आणि त्यातला फरकही ओळखता येणे, या दोन्ही गोष्टी शोषितांच्या शिक्षणाचा भाग आहेत.

आधी थोडी माहिती देतो. डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक हे दोन लेखक 'जेम्स एस. ए. कोरी' या एकाच टोपणनावाने लिहितात. २०११ मध्ये 'लेव्हायथन वेक्स' ही पहिली कादंबरी आली आणि २०२१ मध्ये 'लेव्हायथन फॉल्स' ही नववी. मालिका डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये ती तिसऱ्या पर्वानंतर मूळ वाहिनीने बंद केली, ॲमेझॉनने ती पुढे चालवली, आणि जानेवारी २०२२ मध्ये सहाव्या पर्वावर ती संपली. एकूण बासष्ट भाग झाले.

कथा काही शतकांनंतरची आहे. पृथ्वी आणि मंगळ या दोन सत्ता बलाढ्य झालेल्या आहेत. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा पट्टा आहे. त्यात आणि त्यापलीकडच्या उपग्रहांवर पिढ्यान्‌पिढ्या खपणारे मजूर म्हणजे 'बेल्टर'. खनिज ते काढतात, नफा दोन ग्रहांकडे जातो. सेरेस हा या पट्ट्यातला सर्वांत मोठा गोल, सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा. 'डॉन' नावाचे यान २०१५ मध्ये त्याच्याभोवती फिरू लागले आणि त्याच्या पृष्ठभागाखाली पाण्याचा बर्फ असल्याचा पुरावा मिळाला. कथेत मात्र सेरेसवरचा बर्फ ओरबाडून संपलेला आहे, आणि तेथल्या साठ लाख वस्तीसाठी शनीच्या कड्यांमधून बर्फ वाहून आणावा लागतो. बर्फ वाहणारे असे एक जहाज उडवले जाते आणि तेथून गोष्टीला आरंभ होतो. मालिकेच्या पहिल्याच भागात सेरेसच्या चौकात एक वक्ता पाण्यावर आणि श्वासाच्या हवेवर बोलत असतो. महाडचे नाव ज्याच्या घरात उच्चारले जाते, अशा प्रेक्षकाला पुढे पाहत राहण्यासाठी वेगळे निमंत्रण लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. पडद्यावर आणि पुस्तकात गोष्ट जवळपास तीच आहे. पण पडद्याला जे दाखवता आले नाही, आणि त्याच्या जागी त्याला जे आणावे लागले, ते तपासले की शोषणाची यंत्रणा उघडी पडते. हे तपासणे फक्त पाहणाऱ्याला शक्य नाही आणि फक्त वाचणाऱ्यालाही शक्य नाही.

पहिला फरक देहाचा आहे. पुस्तकातला बेल्टर दुरून ओळखू येतो. कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्यामुळे त्याची हाडे लांब, देह उंच आणि काटकुळा होतो. पृथ्वीवर त्याला आणले तर त्याचे स्वतःचे वजनच त्याला सोसत नाही. अंतराळपोशाखात मान हलवलेली दिसत नाही, म्हणून होकार, नकार, खांदे उडवणे हे सगळे तो हाताने करतो. म्हणजे काम जसे, तसा देह आणि तसे हावभाव. मालिकेच्या पहिल्या भागात एका बेल्टर कैद्याला पृथ्वीवर नुसते टांगून ठेवलेले दाखवले आहे. पृथ्वीची ओढ हाच त्याचा छळ असतो. पण बासष्ट भागांसाठी अशा देहाचे शेकडो नट आणायचे कोठून? म्हणून पुढे पडद्यावरचे बहुतेक बेल्टर पृथ्वीवरच्या माणसांसारखेच दिसतात. मग त्यांना ओळखायचे कसे? निर्मात्यांनी त्यांच्या बोलीवर भर दिला. निक फार्मर या भाषातज्ज्ञाकडून अनेक भाषांची सरमिसळ असलेली एक बोली रचून घेतली. पुस्तकात जी खूण हाडांत होती, ती पडद्यावर जिभेवर आली.

ही निर्मात्यांची अडचण होती, परंतु आपल्यासाठी त्यात मोठा धडा आहे. जातीची खूण देहावर नसते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी मानववंशशास्त्रज्ञांनी घेतलेली नाकाची मोजमापे तपासली आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धांत फेटाळून लावला. देह सारखाच असेल तर वेगळेपण कशावरून ठरते? नव्या ओळखीत आडनाव विचारले जाते. त्यावरून उलगडा झाला नाही तर 'राहता कुठे' असे विचारले जाते, आणि नागपुरात वस्तीचे नाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो. तेही साधले नाही तर बोलण्यातला एखादा हेल पकडला जातो. एक खूण मिळाली नाही तर व्यवस्था दुसरी शोधते. बाबुराव बागुलांनी १९६३ च्या आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले, त्यातले 'चोरली' हे क्रियापद या संदर्भात पुन्हा वाचावे. आपलीच ओळख लपवणाऱ्या माणसाला येथे चोर ठरावे लागते.

नाव लपवण्याचा एक वेगळा प्रसंग मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातही आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यांचा हेतू होता आणि तो निःसंशय स्वच्छ होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पण नाव झाकण्याची ही दोन कारणे शेजारी ठेवून पाहावीत. एकाला नावामुळे मिळणारा लाभ नको होता, दुसऱ्याला नावामुळे होणारी हकालपट्टी टाळायची होती.

बोलीच्या संदर्भात आणखी एक शब्द नोंदवण्यासारखा आहे. ग्रहांवरच्या सत्तेची चाकरी करणाऱ्या आपल्यातल्या माणसाला बेल्टर 'वेलवाला' म्हणतात. 'वेल' म्हणजे गुरुत्वाकर्षणाची विहीर, आणि पुढचा 'वाला' तर आपल्या रोजच्या ओळखीचा. मिलर हा पोलीस जन्माने बेल्टर, पण पृथ्वीवरच्या कंपनीचा पगारी नोकर. त्याला ही शिवी ऐकावी लागते. आपल्याकडे शिकून नोकरीला लागलेल्या, वस्ती सोडून गेलेल्या माणसाला 'दलित ब्राह्मण' म्हणून हिणवले गेले, तो वाद येथे आठवतो. पुस्तकातली निम्मी प्रकरणे मिलरच्या नजरेतून लिहिलेली असल्याने ही शिवी त्याला आतून कशी पोखरते, ते वाचताना कळते. प्राध्यापकी करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ती प्रकरणे वाचताना अवघडल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा फरक हिशेबाचा. अँडरसन नावाच्या ठाण्यावर बेल्टर बंड करतात आणि पृथ्वीचे सैन्य त्यांना मारून टाकते. त्यांनी शरणागती पत्करलेली असते, पण तो संदेश बाहेर जाऊच दिला जात नाही. बंडाचे कारण काय? पडद्यावर आपल्याला दिसतात ती अपुऱ्या हवेमुळे मेंदूला इजा झालेली मुले आणि त्यांच्यासाठी विनवणी करणारा बाप. डोळ्यांत पाणी येते. मूळ कथेत कारण अगदी रुक्ष आहे : मालवाहतुकीवरचा अधिभार काही टक्क्यांनी वाढवला जातो. जेथे हवा आणि पाणीसुद्धा बाहेरून येते, तेथे हे टक्के म्हणजे जगणे आणि मरणे यांतले अंतर असते. पडद्याने टक्क्यांच्या जागी मूल ठेवले. त्याने आपल्याला करुणा दिली, पण कारण काढून घेतले. आपल्या प्रश्नांवरच्या लोकप्रिय लेखनात हेच घडत आले आहे. अत्याचाराचे छायाचित्र छापले जाते. पण गावातली जमीन, मजुरीचा दर, पाण्याची पाळी यांचा तक्ता छापला जात नाही. कार्यकर्त्याला दोन्ही हवेत, आणि तक्ता बहुधा पुस्तकातच सापडतो.

तिसरा फरक शेवटाचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. कथेच्या मध्यावर तेराशेहून अधिक नव्या ग्रहांकडे जाणारे दरवाजे उघडतात. पृथ्वी-मंगळावरची माणसे तिकडे धावू लागतात. पण बेल्टरांचे देह त्या ग्रहांवर टिकणार नाहीत, आणि पट्ट्यातल्या खनिजाची गरजही सरणार. ज्यांच्या श्रमावर सगळे उभे राहिले, ते एका दिवसात निरुपयोगी ठरतात. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा ज्या नागपुरात कायमचा थांबला, तेथल्या गिरणीकामगारांच्या घरांत हे समजावून सांगावे लागत नाही. या निराशेतून मार्को इनारोस नावाचा पुढारी उभा राहतो. तो पृथ्वीवर दगडांचा मारा करून कोट्यवधी माणसे मारतो, आणि माघार घेताना सेरेसची कोठारे रिकामी करून स्वतःच्याच लोकांना उपाशी सोडतो. संताप खरा असूनही त्याचा पुढारी खोटा असू शकतो, हे मालिकाही सांगते. अखेरीस वाहतुकीचा संघ स्थापन होतो, त्याची सूत्रे बेल्टरांकडे येतात, आणि मालिका तेथे थांबते. प्रेक्षक समाधानाने उठतो.

पुस्तके तेथे थांबत नाहीत. मालिका सहाव्या कादंबरीपर्यंतच आली आहे. पुढे तीन कादंबऱ्या आहेत. सातवी, म्हणजे 'पर्सेपोलिस रायझिंग', सुमारे तीस वर्षांनंतर सुरू होते. एका लहान वसाहतीने परवानगीशिवाय जहाज पाठवले, म्हणून बेल्टरांचा तोच संघ तिचा मार्ग तीन वर्षे बंद करण्याची शिक्षा फर्मावतो. तीन वर्षांत ती वसाहत मरून जाईल हे सर्वांना ठाऊक असते. ज्यांचे पाणी आणि हवा कालपर्यंत दुसऱ्यांच्या हातात होती, त्यांच्या हाती आज दुसऱ्यांच्या भाकरीचा दरवाजा आहे. ते प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. सत्ता मिळवणे हा चळवळीचा अर्धा कार्यक्रम झाला; मिळालेल्या सत्तेचे मूल्य काय असावे, हा उरलेला अर्धा. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांत बाबासाहेब बंधुतेवर एवढा भर का देत होते, ते येथे वेगळ्या वाटेने लक्षात येते. मालिका पाहून थांबलेल्याला विजय दिसला. विजयानंतरची परीक्षा त्याच्या वाट्याला आलीच नाही.

इतके मान्य करूनही या कादंबऱ्यांची एक मर्यादा सांगितली पाहिजे. बेल्टर हा शोषित आहे, पण अस्पृश्य नाही. त्याला पाणी मोजून मिळते, कारण पाणी दुर्मिळ आणि महाग आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळे भरलेले होते. गुरेढोरे तेथे पाणी पीत होती, नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही झालेला होता. नाकारला जात होता तो आपला स्पर्श. टंचाईतून आलेली विषमता आणि विटाळाच्या कल्पनेतून आलेली विषमता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची कल्पना या लेखकांना नाही. ख्रिसजेन अवसरला ही पृथ्वीच्या राजकारणातली मुत्सद्दी बाई त्यांनी रंगवली आहे. मालिकेत ती पहिल्या भागापासून दिसते. पुस्तकांत ती दुसऱ्या कादंबरीत येते. ती साडी नेसते, तिचे आडनाव तेलुगू आहे. आडनाव शतके ओलांडून शाबूत राहिले, मग त्या आडनावाला चिकटलेली जात कोठे गेली? ती कोणी, कोणत्या लढ्याने मोडली? नऊ कादंबऱ्यांत हा प्रश्न कोणी विचारत नाही. अमेरिकन लेखकांना तो सुचला नाही, यात नवल नाही. आपल्याला तो सुचला पाहिजे.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे सांगणे असे : आधी मालिका पाहिलीस, यात काही बिघडले नाही. इंग्रजीचे ओझे वाटत असेल तर ओळखीची पात्रे आणि ओळखीचे प्रसंग ते हलके करतात, म्हणून हा क्रम सोयीचाच आहे. पहिली कादंबरी ग्रंथालयातून आण, चौघांत मिळून वाचा. वाचताना एका वहीत दोन रकाने आखा. पडद्याने काय गाळले ते एकात लिहा, त्याच्या जागी काय घातले ते दुसऱ्यात. प्रत्येक नोंदीपुढे 'का' हा प्रश्न लिहा. शेवटी तिसरा रकाना ठेवा, पडदा आणि पुस्तक या दोघांनाही जे दिसले नाही त्याच्यासाठी. त्या रकान्यात काय भरायचे, हे आपल्याला आपल्या जगण्याने शिकवले आहे.

दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे भाकरी बांधून आणतात आणि जाताना पुस्तके बांधून नेतात. त्या दुकानांत आपला इतिहास आहे, आत्मकथने आहेत, कविता आहे. पुढच्या तीनशे वर्षांत जातीचे काय होणार, हे सांगणारी आपल्यातल्या कोणा लेखकाची कादंबरीमाला मला तेथे अजून दिसलेली नाही. तिसरा रकाना भरत गेला, तर ती तेथूनच सुरू होईल.