आजोबांचा जन्म गोव्यातला : नाते कागदावर कसे सिद्ध होते?

गोव्यात राहणाऱ्या आणि गोव्यातून बेळगाव, कारवार, मुंबईकडे जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांत एक प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले, मग नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळते का? प्रश्न नागरिकत्वाचा असला तरी गाडी बहुधा अडते ती नात्याच्या पुराव्यापाशी. म्हणून त्या पुराव्याची थोडी उकल इथे करीत आहोत.

हक्क कुठून आला?

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीव मुक्त झाले. भारताने १९६२ च्या आदेशाने येथील लोकांना भारतीय नागरिक केले. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. मात्र मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरचा हक्क पोर्तुगालच्या कायद्याने मानला. त्यामुळे अशा व्यक्तीचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून घेता येतो आणि पुढच्या पिढीला त्या नोंदीचा आधार मिळतो.

साखळी कशी जोडतात?

नेहमीच्या मार्गात आजोबांवरून थेट नातवावर उडी मारता येत नाही. आधी आजोबांचा जन्म, मग आजी-आजोबांचा विवाह, त्यानंतर वडिलांचा किंवा आईचा जन्म आणि विवाह, आणि शेवटी आपला जन्म, अशा कड्या एकात एक अडकवाव्या लागतात. मधली एक कडी निखळली तर पुढच्या सगळ्या लोंबकळत राहतात. नातवंडांसाठी स्वतंत्र तरतूदही आहे, पण तिच्या अटी वेगळ्या आहेत. शिवाय तिथला नागरिकत्वाचा कायदा वेळोवेळी बदलतो. अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे आधी पाहावे.

कागद कुठे मिळतात?

गोव्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सर्व धर्मीयांसाठी जन्म, विवाह व मृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली. या नोंदी तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयात, तर जुनी दप्तरे पणजीच्या पुराभिलेख खात्यात पाहावीत. त्या पोर्तुगीज भाषेत आणि हाताने लिहिलेल्या आहेत. अर्ज करताना छोटा दाखला न मागता संपूर्ण मजकुराचा उतारा मागावा. गोव्यात त्याला ‘तेओर’ म्हणतात. पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत आई-वडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावेही असतात. म्हणजे एकाच पानावर तीन पिढ्या सापडतात. समासातले शेरेही वाचावेत, कारण विवाह किंवा नावातला बदल पुष्कळदा तिथेच टिपलेला असतो.

वडिलांचा जन्म बेळगावात किंवा मुंबईत झाला असेल, तर त्यांचा दाखला तिथल्या नगरपालिकेतून किंवा महापालिकेतून काढावा लागतो. गोव्यातली नोंद आणि हा दाखला एकाच घरातले आहेत, हे दाखवणे मग आले.

नावांचा घोळ

आपल्या घरांत खरी अडचण इथे येते. पोर्तुगीज कारकुनाने नावे आपल्या कानाने ऐकून आपल्या लिपीत लिहिली. ‘श’साठी एक्स, ‘क’साठी सी. प्रभूचे ‘पोरोबो’ झाले, शेणवीचे ‘सिनाय’, कामतांचे ‘कामोतिम’. पुढे मुलाने इंग्रजी शाळेत नाव घातले आणि तेच आडनाव निराळ्या अक्षरांत गेले.

दुसरा घोळ आजीच्या नावाचा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. जन्मनोंदीत माहेरचे नाव, मुलांच्या दाखल्यावर सासरचे. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला या दोन बायका वाटतात. विवाहाची नोंद असेल तर दुवा मिळतो. ती नसेल तर दुरुस्तीसाठी निबंधकाकडे किंवा न्यायालयात जावे लागते. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि नोंदणीतली तारीख न जुळणे हेही नेहमीचेच.

कोमुनिदादच्या गावकऱ्यांच्या याद्या, देवस्थानच्या महाजनांची नोंद, वाटणीच्या वेळचा इन्व्हेंतार आणि घरातली वंशावळ हे सारे शोधाला फार उपयोगी पडते. कोणत्या गावात, कोणत्या नावाने शोधायचे ते त्यातून कळते. पण जन्मनोंदीची जागा ते घेत नाही. आणि कोणी दलाल ‘कागद तयार करून देतो’ म्हणाला तर त्या दारातून परत फिरावे. एक खोटी नोंद साऱ्या घराण्याचे अर्ज बुडवू शकते.

सही करण्यापूर्वी

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपखुशीने घेतले की भारतीय नागरिकत्व जाते आणि त्याबरोबर मतदानाचा हक्क व भारतीय पासपोर्टही. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून ओसीआय कार्ड मिळू शकते, पण त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. लिस्बनमध्ये जन्म नोंदवल्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरत राहिल्यामुळे लोक अडचणीत आले आहेत. म्हणून पहिल्या अर्जापूर्वीच जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि घरात सर्वांनी एकत्र बसून बोलावे. वडिलांची नोंद हा केवळ मुलाच्या कागदातला टप्पा नसतो, त्यात वडिलांचे स्वतःचे नागरिकत्व गुंतलेले असते.

नागरिकत्व घ्यायचे नसले तरी हे उतारे काढून ठेवण्यासारखे आहेत. वारसा, जमीन, नावातली दुरुस्ती अशा कामांना ते लागतातच. घरात ऐंशी-नव्वदीतले कोणी असेल तर आजीचे माहेरचे नाव, तिचा गाव आणि तिच्या आई-वडिलांची नावे आजच विचारून लिहून घ्यावीत. दप्तर उद्याही सापडेल; कोणत्या नावाने शोधायचे हे सांगणारे माणूस असेलच असे नाही.