खोल गेलं म्हणजे पाणी लागतंच का?

महात्मा फुले मंडईत भाजीवाल्या मावशींशी दोन शब्द बोलल्याशिवाय माझी पिशवी काही भरत नाही. मार्चमध्ये त्या काळजीत होत्या. त्यांच्या गावच्या नळयोजनेची विहीर तळाला गेली होती. "अहो ताई, इथं मंडईच्या पोटातनं मेट्रो नेली की! मग आमची हीर अजून वीस फूट खाली न्यायला पंचायतीला काय जड आहे?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न दर उन्हाळ्यात किती ग्रामसभांत विचारला जातो! महिला मंडळाच्या कामानिमित्त खेड्यांत फिरताना मीही तो वारंवार ऐकते. ऐकायला अगदी सोपा, पण उत्तर जमिनीखाली दडलेलं. मंडईखालची मेट्रो 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाली. तिथं खोदायचं होतं ते जागेसाठी. आत पाणी आलं, तर ती अडचण. ते उपसून टाकायचं. विहिरीचं नेमकं उलटं. खड्डा कितीही मोठा करा, पाणी आलं नाही तर तो खड्डाच!

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या खडकाचा. वर माती, मग मुरूम, मग फुटीर खडक आणि त्याखाली कुठे मांजऱ्या, तर कुठे अखंड काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली अखंड पाषाण लागला की वाढलेली खोली म्हणजे नुसती टाकी. वरच्या झऱ्यांचं पाणी रात्रभर तिथं जमतं, सकाळी उपसायला बरं पडतं; पण नवा थेंब येत नाही. मी पाहिलेल्या एका गावात असंच झालं. विहीर 15 फूट खोल केली, वर्षाचा निधी संपला आणि मे महिन्यात टँकर आलाच. दुसऱ्या गावानं आधी तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी झऱ्यांची दिशा पाहून तळाच्या बाजूनं आडवे बोअर घ्यायला सांगितलं. थोड्या खर्चात पाणी वाढलं.

खोदकामाच्या अडचणी तर आधी कुणी सांगतच नाही. काम उन्हाळ्यातच करावं लागतं आणि गावाला पाणीही त्याच विहिरीचं! उपसा चालू असेपर्यंत नळ बंद, म्हणजे हंडा पुन्हा आपल्याच डोक्यावर. सुरुंगाच्या हादऱ्यानं जुनं बांधकाम सुटतं, जवळच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. कधी तर खडक असा फुटतो, की होतं ते पाणीही भलत्याच भेगेतून निसटतं. दोन खडकांच्या मधे तांबड्या मातीचा थर लागला, तर तो भिजून ढासळतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. अशा वेळी खाली माणसं काम करत असतात, हे विसरू नका.

हवेचा धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. डिझेल इंजिन विहिरीत उतरवलं की त्याचा विषारी धूर तळाशी कोंडतो. 'दिवा सोडून पाहिला, विझला नाही, म्हणजे उतरा' ही समजूत घातक आहे. दिवा विझला तर प्राणवायू कमी आहे हे कळतं. पण तो जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही, असं मुळीच नाही. इंजिन वरच ठेवावं, आत हवा सोडावी, माणसाच्या कमरेला दोर बांधावा. आणि खाली कुणी बेशुद्ध पडला, तर त्याच्या मागे दुसऱ्यानं तसंच उडी मारून उतरू नये.

बरं, पाणी लागलं, तरी ते पिण्याजोगं असेल का? अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारं आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही ठिकाणी पाण्यात फ्लोराइड जास्त. त्यानं मुलांचे दात डागाळतात, हाडं दुखतात. म्हणून खोलीकरणानंतर पाण्याची तपासणी पुन्हा करून घ्यायलाच हवी.

आपल्या पुण्याचंच जुनं उदाहरण बघा. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळानं पाणी शहरात आणलं. बदामी हौद, सदाशिव पेठ हौद ही नावं आजही तोंडी आहेत. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं, नळ कोरडे पडले, तेव्हा हेच जुने हौद आणि विहिरी पुणेकरांच्या कामी आल्या. पाऊस जिथं पडतो तिथं अडवायचा, हे शहाणपण तेव्हाही होतं. हिवरे बाजारनंही तेच केलं. पाणी अडवलं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. 1993च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. 2009च्या नव्या कायद्यातही अशा विहिरींना संरक्षण आहे. गावची विहीर आटते, तेव्हा आजूबाजूला कुणाचे पंप चालू आहेत, हे कुणीतरी विचारायला नको का?

मावशींना मी एवढंच सांगितलं, की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, आधी तिथल्या भूवैज्ञानिकाला विहीर दाखवा. तुमच्याही गावात खोलीकरणाचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी तीन गोष्टी विचारा: खाली कोणता खडक आहे? काम चालू असताना पाणी कुठून येणार? आणि विहीर पुन्हा भरावी म्हणून वरच्या अंगाला पाऊस कुठे अडवणार? लाजू नका. हंडा आपण उचलतो, तर प्रश्नही आपणच विचारायचे!