जुना सर्व्हर प्रोसेसर आणि आधुनिक लॅपटॉप प्रोसेसर: तुलना

सर्व्हर प्रोसेसर हा अनेकांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या, सतत चालू राहणाऱ्या संगणकासाठी बनवलेला असतो. लॅपटॉप प्रोसेसर हा बॅटरीवर, कमी विजेत आणि अरुंद जागेत काम करण्यासाठी. दोहोंची तुलना करताना बहुधा कोरची संख्या आणि गिगाहर्ट्झमधील वेग हे दोनच आकडे पाहिले जातात. प्रोसेसर वेगवेगळ्या पिढ्यांतील असतील, तर हे आकडे दिशाभूल करतात. पुण्यातील ‘एका’ या महासंगणकाच्या प्रोसेसरची आजच्या साध्या लॅपटॉपशी तुलना केली असता हे स्पष्ट होते.

‘एका’मधील झिऑन

टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या कंपनीने उभारलेला ‘एका’ नोव्हेंबर २००७ च्या ‘टॉप ५००’ यादीत जगात चौथा आणि आशियात पहिला ठरला. त्यात इंटेलच्या झिऑन ५३०० मालिकेतील ३ गिगाहर्ट्झचे, प्रत्येकी चार कोरचे प्रोसेसर होते. त्यांचे एकूण कोर १४,२४० होते, म्हणजे प्रोसेसर ३,५६०. या मालिकेत दोन कोरचे दोन स्वतंत्र तुकडे एकाच आवरणात बसवलेले असत. त्यामुळे एका तुकड्याला दुसऱ्याशी बोलायचे झाल्यास बाहेरच्या मार्गाने जावे लागे. स्मृतीकडे जाण्याचा मार्गही तोच होता आणि त्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त १०.६ गिगाबाइट माहिती जाऊ शके.

ठोक्यागणिक काम

तुलनेसाठी एएमडी कंपनीचा २०२१ मधील रायझन ७ ५८००यू हा लॅपटॉप प्रोसेसर घेता येईल. त्याचे कोर आठ असून मूळ वेग केवळ १.९ गिगाहर्ट्झ आहे. थोड्या वेळापुरता तो ४.४ पर्यंत चढतो. मूळ वेग पाहता झिऑन पुढे वाटतो. परंतु झिऑनचा एक कोर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दशांशयुक्त संख्यांवरील चार क्रिया करतो, तर रायझनचा कोर सोळा. म्हणजे कमाल क्षमता अशी:

झिऑन: ४ कोर × ४ क्रिया × ३ गिगाहर्ट्झ = सेकंदाला ४८ अब्ज क्रिया
रायझन: ८ कोर × १६ क्रिया × १.९ गिगाहर्ट्झ = सेकंदाला सुमारे २४३ अब्ज क्रिया

लॅपटॉपची क्षमता पाचपट भरते, तीही मूळ वेगात. खरा फरक विजेत आहे. या झिऑनची उष्णता-मर्यादा १२० वॅट किंवा त्याहून अधिक, रायझनची १५ वॅट. प्रत्येक वॅटमागे होणारे काम कागदावर सुमारे चाळीस पटींनी वाढले. ट्रान्झिस्टरांचा आकार लहान होत गेला, हे याचे मोठे कारण होय: झिऑनमध्ये ते सुमारे ५८ कोटी होते, रायझनमध्ये १,०७० कोटी आहेत. रायझनमध्ये स्मृती-नियंत्रक प्रोसेसरच्याच तुकड्यावर असल्याने स्मृतीशी देवघेवही सेकंदाला ५१.२ गिगाबाइटपर्यंत होऊ शकते.

सर्व्हरची जमेची बाजू

या हिशेबाने सुमारे सातशे लॅपटॉप म्हणजे ‘एका’ असे म्हणता येत नाही. ‘एका’ची कागदावरील क्षमता १७०.८८ टेराफ्लॉप्स होती आणि प्रत्यक्ष चाचणीत ११७.९ टेराफ्लॉप्स मिळाली. हजारो प्रोसेसर एकाच गणितावर लावूनही जवळजवळ सत्तर टक्के क्षमता हाती आली, ती त्यांना जोडणाऱ्या इन्फिनिबँड या वेगवान जाळ्यामुळे. वायफायने जोडलेले लॅपटॉप उत्तरांची वाट पाहण्यातच बहुतेक वेळ घालवतील.

शिवाय सर्व्हरची स्मृती स्वतःतील एका बिटाची चूक ओळखून दुरुस्त करते. सामान्य लॅपटॉपमध्ये ही सोय नसते. लॅपटॉपचा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भारावर ठेवल्यास तापतो आणि आपला वेग आपणच कमी करतो; सर्व्हरची शीतन-व्यवस्था मात्र अशाच कामासाठी रचलेली असते.

जुना सर्व्हर घेताना

वापरातून काढलेले सर्व्हर स्वस्तात किंवा देणगी म्हणून मिळतात, तेव्हा ही तुलना केवळ अभ्यासापुरती राहत नाही. समजा, अकोले तालुक्यातील राजूरसारख्या डोंगराळ गावातील शाळेला असे दोन झिऑन असलेला सर्व्हर मिळाला. पूर्ण भारावर नुसते प्रोसेसरच २४० वॅट घेतील, म्हणजे दिवसाला सुमारे पावणेसहा युनिट. पंखे, डिस्क आणि स्मृती यांची वीज वेगळी. वीज जाताच सर्व्हर बंद पडतो आणि त्यासाठी यूपीएस लागतो, तर लॅपटॉपची बॅटरी त्याच्यातच असते.

सॉफ्टवेअरची अडचण त्याहून मोठी ठरते. झिऑन ५३०० हा ६४ बिटी असला तरी नंतरच्या प्रोसेसरांत आलेल्या अनेक आज्ञा त्याला कळत नाहीत. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती ज्या ‘पॉपसीएनटी’ आज्ञेवाचून सुरूच होत नाही, ती त्यात नाही. सांकेतिकरणासाठीची ‘एईएस’ आज्ञाही नसल्याने सुरक्षित संकेतस्थळे पुरवण्यासारखे काम त्याला जड जाते. लिनक्सच्या काही आवृत्त्या त्यावर चालतात. संगणक-जाळे शिकवणे, सर्व्हर उघडून त्याचे भाग दाखवणे किंवा अधूनमधून धारिकांच्या प्रती काढून ठेवणे, एवढ्या कामांपुरता असा सर्व्हर अजून उपयोगी पडतो.