गोड कीं अगोड? इटलीचीं फेसाळ मद्यें

‘ड्राय’ म्हणजे कोरडें, हें आपणांस इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकापासून ठाऊक आहे. पण पातळ पदार्थ कोरडा कसा असेल? मद्याच्या बाबतींत या शब्दाचा अर्थ अगोड, म्हणजे ज्यांत साखर फारशी उरलेली नाहीं असें. तथापि एवढ्यानें भागत नाहीं. इटलीच्या फेसाळ मद्याच्या बाटलीवर हाच शब्द नवख्या ग्राहकास चकवितो.

द्राक्षांचा रस आंबतो तेव्हां यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव त्यांतील साखर खातात आणि तिच्यापासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायु तयार होतो. पात्र बंद असल्यास वायु रसांतच विरघळून राहतो. बूच काढतांच फेस येतो. ही क्रिया मध्येंच थांबविली तर साखर उरते, शेवटपर्यंत चालूं दिली तर जवळजवळ उरत नाहीं.

वायव्य इटलींतील पीदमाँत प्रांतांत, आस्ती शहराच्या आसपास, मोस्कातो बिआंको या सुगंधी द्राक्षांपासून ‘मोस्कातो द’आस्ती’ करतात. रस थंड करून व गाळून त्याचें आंबणें लौकर थांबवितात. म्हणून मद्यार्क शेंकडा सुमारें ५ आणि साखर लिटरमागें बहुधा १०० ग्रॅमहून अधिक असते. ईशान्येकडील व्हेनेतो व फ्रिउली भागांत ग्लेरा द्राक्षांचें ‘प्रोसेक्को’ होतें. फेदेरिको मार्तिनोत्ती यांनीं १८९५ सालीं पेटंट घेतलेल्या बंद टाकीच्या पद्धतीनें त्यास फेस आणतात. त्यांत मद्यार्क शेंकडा सुमारें ११ असतो.

आतां लेबलाकडे पाहूं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें ‘ब्रूट’मध्यें लिटरमागें १२ ग्रॅमहून कमी साखर असते, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्यें १२ ते १७ आणि नुसत्या ‘ड्राय’मध्यें १७ ते ३२. म्हणजे तिहींत ‘ड्राय’ हेंच सर्वांत गोड! याचें मूळ फ्रान्सच्या शॅम्पेनमध्यें आहे. एकोणिसाव्या शतकांत शॅम्पेन फार गोड पीत. त्या मानानें जी कमी गोड ती ‘ड्राय’ ठरली. पुढें आवड पालटली, शब्द मात्र तेच राहिले.

चाखतांना नाकावर विसंबूं नये. प्रोसेक्कोस सफरचंद-नासपतीचा वास येतो, त्यामुळें अगोड असलेलेंही गोड भासतें. लहान घोट जिभेवर फिरवावा, गिळावा आणि क्षणभर थांबावें. मागें जें रेंगाळतें त्यावरून निर्णय करावा. अगोड आधीं चाखावें, गोड मागून. पेढा खाऊन चहा घेतला असतां तो अगोड लागतो, तीच गत येथेंही होते. याच कारणानें नाताळांतील पानेत्तोने या गोड पावाबरोबर ब्रूट आंबट लागतें, आस्तीचें मद्य मात्र शोभतें.

कांहीं जाणकार गोड मद्यास हलकें लेखतात. तें बरोबर नाहीं. रस नेमक्या क्षणीं थांबवून त्याचा मूळचा सुगंध राखणें यासही कसब लागतें. आपणांस गोड आवडत असेल तर तसें सांगण्यांत कमीपणा नाहीं. अगोड हवें असेल तर मात्र ‘ड्राय’ या शब्दावर न भुलतां ‘ब्रूट’ मागावें, इतकेंच.