गोदाकाठची वाळू आणि ट्रायथलॉनचा हंगाम

ट्रायथलॉन ही पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे अशा तीन टप्प्यांची सलग शर्यत आहे. पहिला हात पाण्यात पडल्यापासून शेवटचे पाऊल अंतिम रेषा ओलांडेपर्यंत घड्याळ थांबत नाही. ओले अंग पुसणे, हेल्मेट चढवणे, बुटांच्या नाड्या बांधणे यांचा वेळही निकालात धरला जातो. आजच्या स्वरूपातला हा खेळ २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात सुरू झाला. त्या दिवशी ४६ जण शर्यतीत उतरले होते. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांवर ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणे अशी पहिली ‘आयर्नमॅन’ शर्यत झाली. तिला १५ जणांनी सुरुवात केली आणि १२ जणांनी ती पुरी केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला. ऑलिंपिकचे अंतर १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणे असे आहे. त्याच्या निम्म्या अंतराला ‘स्प्रिंट’ म्हणतात. आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यत, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किमी, हे हौशी खेळाडूंचे आवडते उद्दिष्ट असते. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिच येथे पूर्ण आयर्नमॅन पार पाडल्यावर महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोहोचला. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमॅन शर्यत भरली आणि मराठी खेळाडूंना ही कसोटी परदेशी न जाता देता येऊ लागली.

समुद्रापासून दूर

नांदेडहून कोणताही समुद्रकिनारा सरळ रेषेत चारशे किलोमीटरांपेक्षा जवळ नाही आणि लातूरहून तो साडेतीनशेच्या पुढे आहे. तरीही या खेळाला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी मराठवाड्यात आहेत. नांदेडला गोदावरीचे पात्र आणि त्याच्या कडेचे वाळवंट आहे. लातूर जिल्ह्यातून मांजरा वाहते आणि बालाघाटच्या डोंगररांगेतले चढउताराचे रस्ते सायकलला उत्तम आहेत. दोन्ही जिल्ह्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे अंधारात धावायला निघतात, कारण भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक त्यांच्यापासून अवघे ०.०५ सेकंद दूर राहिले. कोरडवाहू मुलखातली माणसे लांब पल्ल्याला कमी पडत नाहीत, एवढे त्यावरून स्पष्ट होते. उणीव असते ती वाळू, खारे पाणी आणि दमट हवा यांच्या ओळखीची. या तिन्हींमागचे विज्ञान कळले, तर त्यांची तयारी बरीचशी घराजवळ करता येते.

वाळूवर पाय का थकतो

कठीण रस्त्यावर धावताना पाय चेंडूसारखा काम करतो. पाऊल टेकताच पोटरी आणि टाच यांना जोडणारी जाड कंडरा ताणली जाते, तिच्यात ऊर्जा साठते आणि पाऊल उचलताना त्यातली बरीचशी परत मिळते. वाळूवर हा व्यवहार बिघडतो. पावलाखालचे कण एकमेकांवरून घसरतात, बाजूला सरकतात आणि ऊर्जा घर्षणात खर्च होते. कंडरेला नीट ताण बसत नाही, त्यामुळे उसळीचे काम स्नायूंना स्वतःच्या बळावर करावे लागते. १९९८ मध्ये लेझन, विलेम्स आणि हेग्लंड या संशोधकांनी याचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्याच वेगाने वाळूवर धावताना कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, तर चालताना २.१ ते २.७ पट. मोकळ्या रस्त्यावर दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला रस्त्यावर किलोमीटरला ६० किलोकॅलरी लागत असतील, तर मऊ वाळूवर ९५ च्या आसपास लागतील.

वाळू मऊ की घट्ट, हे तिच्यातील पाण्यावर ठरते. कोरड्या कणांना एकत्र धरणारे काही नसते. वाळू थोडी भिजली की कणांच्या सांध्यांत पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून ठेवतात. लहान मुलांचा वाळूचा किल्ला याच बळावर उभा राहतो. किनाऱ्यावर ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली पट्टी म्हणूनच धावायला सर्वांत सोयीची असते. तिथे पाऊल टाकताच त्याभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचे कारण सांगितले. दाटीवाटीने बसलेले कण दाबले गेले की एकमेकांवर चढतात, त्यांच्यातील पोकळी वाढते आणि वरचे पाणी त्या पोकळीत खाली उतरते. पाऊल उचलल्यावर पाणी पुन्हा वर येते. कण फैलावायला असा विरोध करतात, म्हणूनच ती वाळू पायाला घट्ट लागते.

भरती-ओहोटीचे चक्र साधारण २४ तास ५० मिनिटांत दोनदा फिरते, त्यामुळे ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावर सराव करणारे खेळाडू घड्याळाआधी हे वेळापत्रक पाहतात. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून एकाच दिशेने धावत राहिल्यास एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो आणि कंबर व गुडघा यांवर असमान ताण येतो. जितके अंतर गेले तितकेच परत आले, की हा ताण दोन्ही पायांत वाटला जातो.

नदीची वाळू सहसा समुद्राच्या वाळूपेक्षा भरड आणि कोनेदार असते, पण पोटरीला मिळणारा धडा तोच असतो. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक पर्सी सेरुटी आपल्या शिष्यांना पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्यांवर चढवत. त्यांचा शिष्य हर्ब एलियट याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यत ३ मिनिटे ३५.६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकली. वाळूवर पाय आपटण्याचा धक्का कमी बसतो आणि घोट्याभोवतीचे लहान स्नायू जागे होतात, हा तिचा फायदा. टाचेच्या कंडरेवर आणि पोटरीवर येणारा जादा ताण हा तिचा धोका. म्हणून सुरुवात आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांनी करावी आणि मुख्य धावणे रस्त्यावरच ठेवावे. हाडे बळकट होण्यासाठी कठीण जमिनीचा धक्काही लागतो आणि शर्यतीचा धावण्याचा मार्ग बहुधा डांबरी असतो. वाळू उपशाने नदीपात्रात खोल खड्डे पडलेले असतात. ते पाण्याखाली दिसत नाहीत, म्हणून वाळवंटात धावावे ते ओळखीच्या, कोरड्या आणि उघड्या भागातच.

गोडे पाणी, खारे पाणी

मराठवाड्यात पोहणे शिकवले गेले ते विहिरीत, पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून. विहिरीत माणूस तरंगायला आणि दम धरायला शिकतो. सरळ रेषेत लांब पोहायला तरणतलाव लागतो. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट आणि लागणारी शक्ती आठपट होते. त्यामुळे हात जोरात मारण्यापेक्षा शरीर पाण्यात आडवे आणि सरळ ठेवण्याने जास्त लाभ होतो. डोके वर उचलले की पाय खाली जातात आणि अडथळा वाढतो.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी अधिक असते. ७० किलो वजनाच्या व्यक्तीला त्यामुळे सुमारे पावणेदोन किलो जादा आधार मिळतो आणि पाय आपोआप वर राहतात. या बाबतीत गोड्या पाण्यात तयार झालेल्या पोहणाऱ्याला समुद्र मदतच करतो. अडचण येते ती लाटांची आणि दिशेची. तरणतलावातल्यासारखी तळाशी काळी रेघ नसते, म्हणून दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या किंचित वर काढून पुढचा तरंगता खुणेचा फुगा पाहावा लागतो. ही सवय तरणतलावातही लावता येते. समुद्राची ओळख करून घेण्यासाठी मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा चांगली संधी आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारख्या जलाशयात मात्र परवानगी, सोबत आणि अंगाला बांधलेला तरंगता फुगा असल्याशिवाय उतरू नये. पाण्याचा प्रश्नही मोठा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या वर्षी पोहण्याच्या सरावाला सर्वांत आधी कात्री लागते, म्हणून विहिरी आणि तलाव भरलेले असताना पोहण्याचे तंत्र पक्के करून घेणे शहाणपणाचे.

सायकल आणि हवा

सपाट रस्त्यावर ताशी ३० किमी वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते. वेग २५ वरून ३० केला तर हवेवर मात करण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे पावणेदोनपट होते. ९० किमीच्या टप्प्यात त्याने ३६ मिनिटे वाचतात, पण थकलेल्या पायांनी पुढे २१ किमी धावायचे असते. म्हणून कोपरे आत घेऊन, पाठ वाकवून, एकसारख्या जोराने सायकल चालवणे हे हौशी खेळाडूचे मुख्य शस्त्र. निम्म्या आयर्नमॅनमध्ये दुसऱ्याच्या पाठीमागे चिकटून हवेचा आडोसा घ्यायला बंदी असते.

सायकलवरून उतरल्यावर पहिले एक-दोन किलोमीटर पाय दगडासारखे जड वाटतात. तासन्‌तास गोल फिरलेल्या स्नायूंना धावण्याची लय पुन्हा पकडावी लागते. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच पंधरा-वीस मिनिटे धावणे. खेळाडू या जोडसरावाला ‘ब्रिक’ म्हणतात.

घाम सुकतो तेव्हाच थंडावा

स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतील साधारण पाचवा ते चौथा हिस्साच हालचालीत उतरतो, उरलेली उष्णता होते. ताशी १० किमी वेगाने धावणारी ६० किलोची व्यक्ती तासाला सुमारे ६०० किलोकॅलरी वापरते. त्यातील साडेचारशेहून अधिक उष्णता शरीराबाहेर टाकावी लागते. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे तासाला पाऊण-एक लिटर घाम पुरेसा ठरतो, पण तो अंगावर सुकला तरच. टपकून खाली पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मागेच राहते.

मराठवाड्याच्या खेळाडूची खरी परीक्षा इथे असते. नांदेडचा मे महिना चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असल्याने घाम पटकन सुकतो. गोव्यात पारा तिशीच्या आसपास असला तरी हवा बाष्पाने भरलेली असते आणि घाम निथळत राहतो. उन्हाळा पचवला म्हणजे किनारा पचेल, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. उष्णतेची सवय शरीराला सात ते चौदा दिवसांत होते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. सराव थांबला की ही सवय दोन-चार आठवड्यांत ओसरते. मे महिन्याची कमाई ऑक्टोबरला उरत नाही. श्रावण-भाद्रपदातील उघडिपीचे उकाड्याचे दिवस आणि त्यापाठोपाठचा ऑक्टोबरचा उकाडा हीच किनाऱ्याची खरी पूर्वतयारी. त्या दिवसांत वेग उतरवून, सोबत घेऊन धावणे लाभाचे ठरते. नुसते पाणी भरपूर पिऊन मीठ न घेतल्यास रक्तातील सोडियम घटते आणि ते जिवावर बेतू शकते. चक्कर, गोंधळलेपण, अंगावर शहारे ही थांबण्याची लक्षणे आहेत.

शिदोरी

यकृत आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २००० किलोकॅलरी असते. निम्म्या आयर्नमॅनला याच्या कितीतरी अधिक ऊर्जा लागते. चरबीतून ती मिळते, पण सावकाश. म्हणून शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. केळी, खजूर, गूळ, मीठ घातलेले लिंबू सरबत यांवर हे बऱ्याच अंशी भागते. जे शर्यतीत खायचे ते आधी सरावात खाऊन पाहावे, कारण पोटालाही सवय लागते.

वर्षाची आखणी

ऑक्टोबरची शर्यत धरली तर वर्ष असे मांडता येते. मार्च ते मे या काळात पहाटे लहान धावा, पाणी असेल तोवर पोहण्याचे तंत्र आणि आठवड्यातून एकदा वाळू. जून ते ऑगस्ट सायकलचे अंतर हळूहळू वाढवावे. नदीला पूर असताना वाळवंट आणि पात्र दोन्ही वर्ज्य. सप्टेंबरात जोडसराव आणि दमट हवेतील धावणे. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत सरावाचे अंतर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करून वेग तसाच ठेवला, तर कामगिरी सुधारते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. शर्यतीनंतर विश्रांती घ्यावी आणि हिवाळ्याच्या थंड हवेत धावण्याचा पाया पुन्हा घालावा. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन त्यासाठी सोयीची आहे.

निम्म्या आयर्नमॅनला साडेआठ तासांची मुदत असते. पोहणे, सायकल आणि धावणे यांची सवय नसलेल्याने ती पहिल्याच हंगामात गाठण्याचा हट्ट धरू नये. पहिले वर्ष स्प्रिंट अंतराला द्यावे, सरावाआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि विहीर असो, नदी असो की समुद्र, पाण्यात कधीही एकट्याने उतरू नये.