वेदनाशामकांचा बाजार : व्यसन न लावणाऱ्या गोळीचा शोध

भिवंडीत यंत्रमागावर उभा राहणारा कारागीर असो की दिवसभर मान खाली घालून जरीकाम करणारा असो, पाठ भरून आली की तो औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेतो आणि कामावर परततो. या गोळ्या बहुधा पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅकच्या असतात. डायक्लोफिनॅक फार दिवस घेतल्यास पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो, पण त्याची चटक लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा कर्करोगाच्या वेदनेपुढे मात्र अशा गोळ्या अपुऱ्या पडतात. तेथे अफूच्या घराण्यातील औषधे लागतात आणि ती व्यसन लावतात. या दोन टोकांच्या मधली जागा औषध कंपन्या शंभराहून अधिक वर्षे शोधत आहेत. या शोधाची हकीकत व्यापाऱ्याने वाचावी अशी आहे, कारण तिच्यात विज्ञानाइतकीच विक्रेत्याची जबानही आहे.

जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ साली खोकल्यावरचे एक नवे औषध बाजारात आणले. मॉर्फिनपेक्षा ते निर्धोक, अशी त्याची ख्याती करण्यात आली. त्या औषधाचे नाव हेरॉइन! अमेरिकेला १९२४ साली त्याच्यावर बंदी घालावी लागली.

पुढे १९९६ साली अमेरिकेत पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन विक्रीस आणले. गोळी हळूहळू विरघळते म्हणून तिची चटक कमी लागते, असा तिचा डंका होता. त्या काळात डॉक्टरांना धीर देण्यासाठी एक आधार वारंवार दाखवला जाई. तो म्हणजे १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले जेमतेम पाच वाक्यांचे पत्र. रुग्णालयात अफूवर्गीय औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, असे त्यात होते. हे रुग्ण रुग्णालयात, देखरेखीखाली होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्यांविषयी पत्रात एक अक्षर नव्हते. तरीही त्या पाच वाक्यांवर केवढा मोठा धंदा उभा राहिला! २००७ साली पर्ड्यूच्या सहयोगी कंपनीने औषधाबाबत दिशाभूल केल्याची न्यायालयात कबुली दिली आणि सुमारे ६० कोटी डॉलर भरण्याचे ठरले. तोवर फार उशीर झाला होता. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने ८० हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातील बहुतेक बळी चोरट्या फेंटॅनिलचे होते, पण लाट सुरू झाली ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांपासून.

हे दूरच्या देशातले आहे असे समजून आम्ही पान उलटणार नाही. 'सौम्य' म्हणून खपलेले ट्रॅमाडॉल भारताला एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधपत्रकारांनी मुंबईच्या एका औषध कंपनीचे प्रकरण उघड केले. टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचे मिश्रण असलेल्या तिच्या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात होत्या. केंद्र सरकारने त्याच महिन्यात या मिश्रणाच्या उत्पादनाचे व निर्यातीचे परवाने मागे घेतले. आपल्याच राज्यातून गेलेल्या मालाने तिकडची तरुण पोरे नासत होती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८५ च्या कडक कायद्यामुळे भारतात कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे कठीण झाले. आपल्याच देशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि इथलाच रुग्ण तळमळतो, अशी ही गंमत. २०१४ साली कायदा बदलून वाट काहीशी मोकळी केली गेली. म्हणजे केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही, पर्याय लागतोच.

त्या पर्यायाचा धागा हाती लागला तो पाकिस्तानात. उत्तर पाकिस्तानात दहा वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. तो दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा आणि त्याला काहीच दुखत नसे. केंब्रिजचे जेफ्री वुड्स आणि त्यांचे सहकारी त्याची तपासणी करणार, त्याआधीच तो घराच्या छतावरून उडी मारून मरण पावला. तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. मग त्या भागातील तीन कुटुंबांतील अशाच सहा मुलांची तपासणी झाली. वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूवर सोडियमची एक सूक्ष्म दारे असतात. त्यांतील एक दार या मुलांमध्ये जन्मतःच निकामी होते. २००६ साली हे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कारागिरांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर अफू कारखान्याचा मेन स्विचच ढिला करते. ती मेंदूवर काम करते, म्हणून दुखणेही थांबते, सुखाची धुंदीही चढते आणि श्वासही मंदावतो. नवा मार्ग असा की बिघडलेल्या मशीनची तेवढीच तार तोडायची. त्या मुलांमध्ये निकामी असलेल्या दारावर अनेक कंपन्यांनी औषधे करून पाहिली, ती फसली. शेवटी शेजारच्या दुसऱ्या दारावर अमेरिकेच्या व्हर्टेक्स कंपनीला यश आले. तिच्या सुझेट्रिजिन या गोळीला, म्हणजेच जर्नाव्हॅक्सला, ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत मंजुरी मिळाली. ही गोळी मेंदूबाहेरच्या मज्जातंतूंवर काम करते, म्हणून चटक लागण्याची भीती दिसत नाही.

आता माल पारखून घेऊ. पोटाच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियांनंतर सुमारे २,२०० रुग्णांवर चाचण्या झाल्या. औषध नसलेल्या गोळीपेक्षा ही सरस ठरली, परंतु हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल यांच्या जुन्या अफूवर्गीय गोळीला तिने मागे टाकले नाही. मंजुरीही फक्त तात्पुरत्या, मध्यम ते तीव्र वेदनेसाठी आहे. कंबरेतून पायात जाणाऱ्या सायटिकाच्या चाचणीचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा औषधाच्या आणि नुसत्या साखरेसारख्या गोळीच्या परिणामात जवळपास फरक नव्हता. त्या दिवशी कंपनीचे शेअर घसरले. कंबर धरून बसणाऱ्या आमच्या कारागिरांना तूर्त हिच्यात आशा नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आणि भाव? अमेरिकेत घाऊक दर एका गोळीला साडेपंधरा डॉलर ठेवण्यात आला. सुरुवातीला दोन गोळ्या, मग दर बारा तासांनी एक, या हिशेबाने आठवड्याला सव्वादोनशे डॉलरच्या वर. अफूवर्गीय जुनी गोळी याच्या अगदी थोड्या भागात मिळते. स्वस्त पण घातक माल आणि महाग पण निर्धोक माल यांत गरीब रुग्ण काय उचलेल, हे दुकानदारास सांगायला नको. मधुमेहामुळे पायांत होणाऱ्या जळजळीवर याच औषधाची मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. गल्ल्यावर बसून बसून साखर वाढवून घेतलेल्या आमच्या व्यापारी बंधूंचे लक्ष त्या निकालाकडे असायला हवे.